ठिपके नंतर मांडा, आधी गाड्या रात्री कुठे असतात ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शहराच्या वाहतूक विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला वर्षभरात विजेच्या गाड्यांसाठी 60 सार्वजनिक चार्जिंग पॉइंट उभे करायचे आहेत. 12 प्रभाग, प्रत्येकाच्या वाट्याला 5. नकाशावर साधारण दोन-दोन किलोमीटरवर ठिपके मांडून झाले आहेत आणि प्रत्येक ठिपक्यावर 60 किलोवॅटचा एक जलद चार्जर धरला आहे. हे अंतर बरोबर आहे का, एकूण किती पॉइंट लागतात याचं काही सूत्र आहे का, आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

मी या कामात विजेच्या बाजूने आलो. आधी बरीच वर्षं वितरण जाळ्यावर काम केलं, मग चार्जिंगच्या जागा ठरवण्याकडे वळलो. त्यामुळे उत्तरात रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि केबल जरा जास्त येतील, तेवढं चालवून घ्या.

नकाशा बघून मला वाटतं, तुमच्या डोक्यात पेट्रोल पंप आहे. पंपावर आपण गाडीसाठी जातो, पाच मिनिटांत टाकी भरतो आणि निघतो. तिथे अंतर मोजणं रास्त आहे. विजेच्या गाडीचं बहुतेक चार्जिंग मात्र गाडी दुसऱ्याच कुठल्या कारणाने उभी असताना उरकतं. मालक झोपलेला असतो, कामावर असतो, खरेदीला गेलेला असतो. म्हणून मी अंतराऐवजी तीन गोष्टी आधी विचारतो: गाड्या कुठे उभ्या असतात, किती वेळ उभ्या असतात, आणि त्यांतल्या कोणाला घरी प्लग नाही. ज्याला स्वतःच्या दारात प्लग आहे तो तुमच्या पॉइंटवर महिन्यातून एखाद्या वेळी येईल. ज्याची गाडी रस्त्यावर किंवा इमारतीच्या सामाईक जागेत उभी राहते, त्याचं गाडी घेणं न घेणं तुमच्या पॉइंटवर ठरेल.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करतो. शहरात रस्त्यावर गाडी लावणारे किती, टॅक्सी आणि घरपोच सामान पोहोचवणाऱ्या गाड्या किती, दुचाकींचं प्रमाण काय, जुन्या वस्तीतल्या रोहित्रांवर आज भार किती आहे, हे कळल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर तो आकडा त्याच्या विक्रीच्या पुस्तकातला समजा. विचार करायची पद्धत मात्र सगळीकडे सारखीच लागू पडते.

आधी एक साधा हिशेब. मध्यम आकाराची विजेची कार किलोमीटरला साधारण 0.15 युनिट खाते. दिवसाला 40 किलोमीटर धावली तर 6 युनिट. चार्जिंगमधली गळती धरून 7 म्हणू. 230 व्होल्ट आणि 32 अँपिअरचा साधा एसी पॉइंट 7.4 किलोवॅट देतो, म्हणजे दिवसभराची भूक तासाभरात भागली. 16 अँपिअरचा असला तरी दोन तास. गाडी मात्र रात्री नऊ-दहा तास उभी असते. आता सांगा, तिथे 60 किलोवॅटचा चार्जर कशाला?

जागा आणि वेग यांचं लग्न मी असं लावतो. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हळू पॉइंट, 3.7 ते 7.4 किलोवॅटचे, आणि ते भरपूर. रेल्वे स्थानकाबाहेर किंवा ऑफिसच्या तळावर गाडी सकाळी येते आणि संध्याकाळी जाते, तिथेही हळूच, शक्य असेल तर त्याहूनही कमी. दोन-तीन तास थांबायच्या ठिकाणी, म्हणजे बाजार, नाट्यगृह, रुग्णालय अशा जागी, 11 किंवा 22 किलोवॅटचे एसी पॉइंट द्यावेत असं कागदावर दिसतं. त्यात एक मेख आहे. एसी चार्जिंगचा वेग चार्जिंगचा खांब ठरवत नाही, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे एसी वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारं यंत्र, ठरवतो. गाडीची क्षमता सिंगल-फेज 7.4 असेल तर 22 किलोवॅटचा खांबही तिला 7.4 च देतो. तुमच्या भागात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे ऑनबोर्ड चार्जर किती क्षमतेचे आहेत याची यादी काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्यात अनेकदा थ्री-फेज खांबांचा सगळा जादा खर्च वाचतो.

मग डीसी, म्हणजे बॅटरीला थेट वीज देणारे, तुमचे 60 किलोवॅटवाले, कोणासाठी? ज्यांना थांबायला वेळच नाही त्यांच्यासाठी. टॅक्सीवाला, सामान पोहोचवणारा, बाहेरगावी निघालेला, आणि रात्री चार्ज करायला विसरलेला. 40 युनिटच्या बॅटरीत 20 वरून 80 टक्क्यांवर जायला 24 युनिट लागतात, म्हणजे अर्धा-पाऊण तास. त्यापुढे बॅटरीच्या सेलचा व्होल्टेज मर्यादेला टेकतो आणि करंट उतरवावा लागतो, त्यामुळे शेवटच्या 20 टक्क्यांना जवळपास आधीइतकाच वेळ जातो. जलद चार्जरवर शंभर टक्के होईपर्यंत बसून राहणारा माणूस रांगेतल्या पुढच्याचा अर्धा तास खातो. दर ठरवताना हे डोक्यात ठेवा. चार्जिंग संपल्यावरही जागा अडवली तर मिनिटामागे आकार लावणं मला युनिटचा दर वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. अगदी सुरुवातीच्या एका कामात आम्ही चित्रपटगृहाच्या तळावर दोन जलद चार्जर बसवले. लोक गाडी जोडून तीन तासांच्या सिनेमाला जायचे. गाडी चाळीस मिनिटांत भरायची आणि उरलेला वेळ नुसती उभी राहायची. बाहेर टॅक्सीवाले हॉर्न वाजवत. पहारेकऱ्याने शेवटी वहीत नंबर लिहून मध्यंतरात पडद्याशेजारी पुकारा करायला सुरुवात केली. यंत्र उत्तम होतं, जागाही गजबजलेली होती. दोघांची वेळ जुळत नव्हती, आणि ती जुळवणं माझं काम होतं.

आता गाड्या कुठे उभ्या असतात हे शोधायचं कसं? वाहन नोंदणीची आकडेवारी मागवा, पण त्यावर थांबू नका. कारण गाडी जिथे नोंदलेली तिथेच रात्री उभी असते असं नाही. मी अजूनही जुनाच उपाय करतो. संशय असलेल्या गल्ल्या निवडायच्या, रात्री अकराला पायी फिरून उभ्या गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहायचे आणि पहाटे पाचला पुन्हा तीच फेरी. दोन्ही यादीत आलेली गाडी तिथली मुक्कामी. कामाच्या दिवसाच्या दोन रात्री आणि सुट्टीची एक रात्र पुरते. या फेरीत कागदावर न दिसणारं बरंच काही दिसतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर, तिच्यावर पाऊस लागू नये म्हणून बांधलेली प्लास्टिकची पिशवी आणि टोकाला चार्ज होणारी स्कूटर मी अशाच एका फेरीत पाहिली. तिचा फोटो काढला आणि बैठकीत पहिल्या पानावर लावला. त्या गल्लीत मागणी आहे का, असं पुढे कोणी विचारलं नाही.

स्कूटरवरून आठवलं. दुचाकी आणि हलक्या तीनचाकी यांना कारचा खांब लागत नाही. त्यांना सुरक्षित, मीटर लावलेलं, पाण्यापासून वाचलेलं साधं सॉकेट पुरतं. कारच्या एका पॉइंटच्या खर्चात असे अनेक बसतात. पण 60 चा आकडा गाठायच्या नादात सॉकेट मोजायचे की नाही यावर वाद होतो. वरिष्ठांशी याचा निकाल आधीच लावून घ्या.

आता प्रत्येक ठिपक्यावर एकच चार्जर ठेवण्याबद्दल. तुमच्या आराखड्यात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हे.

डेन्मार्कचा गणिती एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होता. किती तारा ठेवल्या तर फोन करणाऱ्याला फार थांबावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याने 1917 साली मांडलेली सूत्रं आज चार्जरच्या रांगेलाही जशीच्या तशी लागतात. समजा गाड्या वेळीअवेळी येतात, सरासरी अर्धा तास चार्ज होतात, आणि चार्जर दिवसाच्या निम्म्या वेळी व्यग्र आहे. एकटा चार्जर असेल तर येणाऱ्याला सरासरी 30 मिनिटं थांबावं लागतं. दोन एकत्र असतील तर 10 मिनिटं. चार एकत्र असतील तर तीन मिनिटांहूनही कमी. व्यग्रता तीच, यंत्रं तीच, फक्त एकमेकांशेजारी ठेवली. प्रत्यक्षात माणसं गणिताप्रमाणे वागत नाहीत, रांग पाहून काही निघून जातात. तरी कल हाच राहतो. शिवाय एकटा चार्जर बंद पडला की तो ठिपकाच नकाशावरून पुसला जातो. चारांतला एक बंद पडला तर तीन चालू असतात, आणि लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावं लागत नाही.

म्हणून जलद चार्जर गटाने, चार-चारच्या, जमल्यास सहाच्या. हळू पॉइंट मात्र पसरून, कारण रात्री गाडी लावून माणूस चालत घरी जाणार. दोन-तीनशे मीटरपेक्षा जास्त चालायला लागलं की तो तिथे येत नाही असा माझा अनुभव आहे. नेदरलँड्समधल्या शहरांनी हीच दिशा घेतली. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा नाही अशा रहिवाशाने मागणी केली की घराजवळ खांब, आणि पुढे आधीच्या खांबांचा वापर वाढला की शेजारी आणखी. मागणीमागे जाण्याचा हा मार्ग मला आवडतो, पण त्यात एक उणीव आहे. ज्याच्याकडे आज गाडी नाही तो मागणी करत नाही, आणि खांब नाही म्हणून तो गाडी घेत नाही. त्यामुळे थोडे खांब मागणीच्या आधी, शहाणपणाने अंदाज बांधून लावावेच लागतात.

प्रभागाला पाच-पाचचं काय? मी समजू शकतो. प्रत्येक प्रतिनिधीला आपल्या भागात फीत कापायची असते. मी अशा वेळी पॉइंट समान वाटायला नकार देतो आणि अंतराची हमी समान देतो: कुठल्याही प्रभागातून अमुक अंतराच्या आत एक चालू गट असेल. तुमच्या दोन किलोमीटरचं उत्तर इथे येतं. भारताच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शहरात 3 बाय 3 किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. असा नियम किमान जाळं म्हणून चांगला आहे. त्याने 'कुठेच काही नाही' हा प्रकार टळतो. पण कुठल्या चौकोनात गर्दी आणि कुठल्या चौकोनात मोकळं मैदान हे तो सांगत नाही. युरोपीय संघाने 2023 च्या नियमात वेगळी मोजपट्टी लावली: देशात नोंदलेल्या प्रत्येक बॅटरीवाल्या कारमागे 1.3 किलोवॅट इतकी सार्वजनिक चार्जिंग क्षमता. ठिपके न मोजता क्षमता मोजायची आणि ती गाड्यांच्या संख्येला बांधायची. तुमच्या कामाला ही कल्पना जास्त जवळची आहे.

तर सूत्राकडे येतो. एक वस्ती घ्या. तीन वर्षांनी तिथे स्वतःच्या प्लगविना 200 विजेच्या कार असतील असा तुमचा अंदाज आहे. दिवसाला 7 युनिटप्रमाणे 1400. त्यातलं 70 टक्के सार्वजनिक पॉइंटवर होईल असं धरू, उरलेलं ऑफिसात, गावाला, पाहुण्यांकडे. झाले 980. एक 7.4 चा पॉइंट दिवसाला 25 युनिट देतो असं धरलं, म्हणजे चोवीस तासांत साडेतीन तास खरं चार्जिंग, तर 39 पॉइंट. आता दुसरीकडून पडताळा: 200 गुणिले 1.3 म्हणजे 260 किलोवॅट, आणि 39 गुणिले 7.4 म्हणजे जवळजवळ 289. दोन वाटांनी आलो आणि शेजारीशेजारीच पोहोचलो. यात थोडा योगायोग आहे, कारण युरोपचा आकडा घरी प्लग असलेल्यांनाही धरून आहे. पण आकडा दहापट चुकलेला नाही एवढी खात्री पटते. यातले 70 टक्के आणि 25 युनिट हे माझे गृहीत आकडे आहेत. पहिले दहा पॉइंट सहा महिने चालले की तुमचे स्वतःचे आकडे मिळतील, मग माझे फेकून द्या.

आता वीज. माझ्या अनुभवात आराखडा कोलमडतो तो बहुधा इथेच, आणि वेळापत्रक तर हमखास.

जागा आवडली, ठराव झाला, निविदा निघाली, खांब आले, आणि मग कळलं की त्या फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, आणखी भार घ्यायची क्षमताच शिल्लक नाही. नवं रोहित्र, त्याची परवानगी, त्यासाठी जागा, रस्ता खोदण्याची वेगळी परवानगी. एका ठिकाणी आमचे खांब प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले जवळपास वर्षभर उभे होते, मुलं त्यांच्यावर क्रिकेटचे स्टंप काढत. तेव्हापासून मी क्रम उलटा करतो. आधी वितरण कंपनीकडून रोहित्रनिहाय शिल्लक क्षमतेची यादी, मग त्यातून जागा. मनातल्या जागेपासून दीडशे मीटरवर भार शिल्लक असलेलं रोहित्र असेल तर पॉइंट तिकडे सरकवा. खर्चाचा मोठा भाग यंत्रात नसतोच. तो खोदकामात आणि रस्ता पूर्ववत करण्यात जातो, आणि तो मीटरप्रमाणे वाढतो.

भार कमी असला तरी निराश होऊ नका. 12 खांब, प्रत्येकी 7.4, म्हणजे कागदावर 89 किलोवॅट. पण सगळ्यांना एकाच वेळी पूर्ण वेग द्यायची गरजच नसते. भारवाटप करणारी प्रणाली असेल तर 30 किलोवॅटच्या जोडणीवर ते चालतात. नऊ तासांत 270 युनिट मिळतात. बाराही गाड्यांनी 20-20 युनिट मागितले तरी 240. खालची मर्यादा मात्र लक्षात ठेवा: आयईसी 61851 या मानकाप्रमाणे गाडीला 6 अँपिअरपेक्षा कमी करंट देता येत नाही. सिंगल-फेजवर ते झाले सुमारे 1.4 किलोवॅट, बारा गाड्यांचे 17 च्या आत. म्हणजे 30 मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. याच जोडणीवर 24 खांब लावायचे म्हटलं तर बेरीज 33 वर जाते आणि काही गाड्यांना पाळी लावून थांबावं लागेल.

सिंगल-फेज खांब तीन फेजवर सारखे वाटले आहेत ना, हे स्वतः उभं राहून बघा. एका ठेकेदाराने केबल वाचवायला आमचे सगळे खांब एकाच फेजवर घेतले होते. रोज रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतले दिवे मंद व्हायचे आणि आठवड्यातून दोनदा फ्यूज जायचा. लोकांनी दोष दिला विजेच्या गाड्यांना. आम्ही पेटी उघडली तेव्हा एक वायर हाताला चटका लागेल इतकी तापलेली आणि बाकीच्या दोन थंडगार.

रात्रीचा स्वस्त दर असेल तर आणखी एक गंमत होते. दर उतरण्याच्या मिनिटाला सगळ्या गाड्या एकदम जाग्या होतात आणि मध्यरात्रीच नवी कमाल मागणी तयार होते. ब्रिटनने 2021 च्या नियमांत खासगी स्मार्ट चार्जरना सुरुवातीला 10 मिनिटांपर्यंतचा अनियमित विलंब ठेवायला लावला तो यासाठीच. तुमच्या प्रणालीतही ही सोय मागून घ्या.

आणि एकदा रस्ता खोदलात की आजच्या गरजेपुरता पाइप टाकू नका. मोठ्या व्यासाचा टाका, शेजारी एक रिकामा टाका, पुढच्या खांबांचे पायेही आत्ताच भरून ठेवा. रिकामा पाइप निविदेत उधळपट्टी दिसतो, तेव्हा त्याचं कारण टिपणीत दोन ओळींत लिहून ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणात तुम्हालाच विचारतील.

इथवरचा गोषवारा, कारण पुढे विषय बदलतो: मुक्कामाच्या गाड्यांना हळू आणि पसरलेले पॉइंट, घाईच्या गाड्यांना जलद आणि गटातले, आणि दोन्हींची जागा शेवटी रोहित्राच्या जवळची.

आता खाली, फूटपाथवर या. प्रत्येक जागेवर मी मोजपट्टी आणि जुन्या केबलचा पाच मीटरचा तुकडा घेऊन जातो. चार्जिंगचं तोंड कोणाच्या गाडीला पुढे नाकावर असतं, कोणाला मागे डावीकडे, कोणाला पुढच्या चाकावर उजवीकडे. खांब जागेच्या एका कोपऱ्यात लावला तर निम्म्या गाड्यांना उलट्या लावाव्या लागतात, आणि रस्त्यालगतच्या समांतर पार्किंगमध्ये तेही जमत नाही. अशा वेळी केबल बॉनेटवरून ताणली जाते किंवा फूटपाथवर आडवी पडते, आणि अंधारात कोणीतरी अडखळतं. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात 2022 साली संशोधकांनी 657 सार्वजनिक जलद कनेक्टर प्रत्यक्ष जाऊन तपासले. 72.5 टक्केच चालू निघाले, आणि जवळपास 5 टक्के ठिकाणी केबल गाडीच्या तोंडापर्यंत पोहोचतच नव्हती. कोणीतरी तो नकाशा टेबलावर बसून काढला असणार.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडदा दिसतो का, गन (केबलच्या टोकाचा प्लग) उचलता येते का, खांबासमोर कठडा आडवा येतो का, हे खुर्चीवर बसून बघा. उभ्याने कळत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलला रेंज आहे का तेही बघा. रेंज नसेल तर ॲप उघडत नाही आणि उत्तम चार्जर शोभेचा राहतो. पाणी साचणाऱ्या जागा कागदावर शोधू नका, शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून पाण्याची पातळी दाखवतो.

आणखी एक, जरा उलटं वाटेल असं. प्रवेशद्वाराजवळची, झाडाच्या सावलीतली सगळ्यांत छान जागा चार्जिंगला देऊ नका. ती जागा पेट्रोलवाल्यालाही हवीच असते, आणि तो 'दोनच मिनिटं' म्हणून तिथे गाडी लावतो. मी थोडी आतली, कमी मोहाची, पण रात्री उजेड असलेली जागा घेतो. रंग आणि पाटी याने फरक पडतो, पण दंड करता यावा म्हणून वाहतूक शाखेची अधिसूचना खांबाच्या आधी निघायला हवी. नंतर ती महिनोन्महिने निघत नाही.

करारातल्या दोन गोष्टी, बाकीचं तुमचे कायदेवाले बघतील. पहिली, ओसीपीपी. 2009 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सुरू झालेली ही खुली भाषा चार्जर आणि नियंत्रण प्रणाली एकमेकांशी बोलायला वापरतात. आवृत्ती 1.6 किंवा 2.0.1 मागा, आणि नुसती मागून थांबू नका. चार्जर दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीला जोडायचे पासवर्ड आणि अधिकार शहराच्या हाती राहतील असं लिहून घ्या. चालवणाऱ्याने गाशा गुंडाळला तर खांब तरी तुमचे राहतील. दुसरी, चालू असण्याची व्याख्या. अमेरिकेत 2023 च्या संघीय नियमात 97 टक्के, ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या नियमात जलद चार्जरच्या जाळ्याला 99 टक्के असे आकडे आहेत. पण टक्केवारी मोजतो कोण? चार्जर स्वतः 'मी ठीक आहे' असा संदेश पाठवतो आणि त्याचा पडदा मात्र काळा असतो. म्हणून मी करारात यशस्वी चार्जिंगचं प्रमाण घालतो: गन लावली, पैसे दिले, वीज सुरू झाली, असं शंभरातून किती वेळा? आणि दर महिन्याला एक माणूस खरी गाडी घेऊन प्रत्येक खांबावर जातो.

आता तुमचे 60. मी असतो तर साधारण असं केलं असतं. 36 हळू पॉइंट, सहा वस्त्यांत सहा-सहा, रात्रीच्या फेरीत ज्या गल्ल्या भरलेल्या दिसल्या तिथे. 12 जलद, तीन गटांत चार-चार, टॅक्सीवाले जिथे जेवायला आणि पाळी बदलायला थांबतात त्याच्या आसपास आणि शहराबाहेर पडायच्या रस्त्यांवर. उरलेले 12 पहिल्या सहा महिन्यांत लावायचे नाहीत, पाइप आणि पाये तेवढे तयार ठेवायचे. 'वर्षभरात 60' या आदेशात ते बसतं, फक्त शेवटचे 12 वर्षाच्या शेवटी येतात. यातली वाटणी तुमच्या टॅक्सींच्या संख्येवर हलेल. टॅक्सी फार असतील तर जलदचा चौथा गट करा आणि हळूतले चार तिकडे वळवा.

सुरुवात कुठून, तर एका पत्रापासून. निविदेचा मसुदा बाजूला ठेवा आणि या आठवड्यात वितरण कंपनीला लिहा: मनातल्या वीस जागांच्या परिघातली रोहित्रं, त्यांची क्षमता, गेल्या वर्षभरातली रात्रीची आणि संध्याकाळची कमाल मागणी. उत्तर यायला वेळ लागतो, आणि पहिलं उत्तर अर्धवटच येतं. त्या मधल्या दिवसांत रात्रीच्या फेऱ्या उरकून घ्या. टॉर्च न्या, आणि ओळखपत्र गळ्यात दिसेल असं ठेवा. मध्यरात्री गाड्यांचे नंबर लिहिणाऱ्या माणसाला लोक चोर समजतात, मला दोनदा पोलीस चौकीत चहा प्यावा लागला आहे.